४,२९,४९,६७,२९७ चे दोन अवयव

२ चा ३२ वा घात काढून त्यात १ मिळवला की ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७ येतात. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या हिच्याच घराण्यातल्या आधीच्या पाच संख्या. त्या पाचही मूळ, म्हणून पुढच्याही मूळच असणार असे फ्रेंच गणिती पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास मानले. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने हिचे अवयव दाखवले: ६४१ × ६७,००,४१७.

सरधोपट मार्गाने गेलो तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ च्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. त्या ६,५४२ आहेत. पण समजा मूळ संख्या p ने हिला भाग जातो. मग २ च्या ३२ व्या घाताला p ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे p ला एक कमी) उरते आणि ६४ व्या घाताला १. त्याआधीच्या कोणत्याही घाताला १ उरत नाही. २ च्या (p−१) व्या घाताची बाकीही १ असते, म्हणून (p−१) ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. आता ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात बाकी शून्य! यात वापरलेला (p−१) व्या घाताचा नियम फर्माचा स्वतःचा, तोही १६४० चाच. त्याने हे पाच भागाकार तडीस नेले नाहीत याची हळहळ वाटते.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न मांडताही कळते. ६४१ = ५×१२८ + १, म्हणून ५×२⁷ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५⁴×२²⁸ ची बाकी १. शिवाय ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५⁴ च्या जागी −२⁴ चालतो. तो ठेवला की −२³² ची बाकी १, म्हणजेच २³² + १ ची शून्य.

हिची दुसरी ओळख वर्गांतून पटते:

६५,५३६² + १² = ६२,२६४² + २०,४४९²

४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे लिहिता येते. इथे दोन प्रकार सापडले, तेव्हा ही संख्या मूळ नाही हे अवयव हाती नसतानाही ठरते. अवयवही यातूनच निघतात. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८ यांचा मसावि ८. वजाबाक्यांऐवजी बेरजा घेतल्या तर १,२७,८०० आणि २०,४५० यांचा मसावि ५०. दोन्हींची निमपट ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१.

संगणकावर पडताळताना एक चूक हमखास होते. ३२ बिटांच्या बिनचिन्ही (ऋण संख्या न धरणाऱ्या) पूर्णांकात ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे जागा नाही, त्यामुळे न मावणारा वरचा भाग गळून ६४१ × ६७,००,४१७ चे उत्तर १ दिसते. इथे ६४ बिटांचा पूर्णांकच हवा. पण या १ चा उपयोगही होतो. ६४१ ने निःशेष भाग जाणाऱ्या ३२ बिटी संख्येला भागण्याऐवजी ६७,००,४१७ ने गुणले आणि खालचे ३२ बिट ठेवले, तरी भागाकारच मिळतो. १,२८२ घेऊन पाहा, २ येतात.