फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा एकच रकाना ठेवू नका
(घरोघरच्या सर्व्हेचं काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पीएच.डी.चे विद्यार्थी असोत, सामाजिक संस्था असो की पतसंस्था, नाव-वय-शिक्षण झालं की फॉर्मवरचा पुढचा रकाना ठरलेला असतो: ‘व्यवसाय’. भरलेले फॉर्म आमच्याकडे एंट्रीला येतात तेव्हा त्या रकान्यात ‘गृहिणी’, ‘मजूर’, ‘प्रायव्हेट’, ‘बेकार’ असे शब्द असतात. मग आमचा फोन जातो, ‘हा मजूर नक्की कुठला?’ तिकडून उत्तर येतं, ‘तुम्हीच बघून घ्या ना.’ बघून घ्यायचं म्हणजे पुन्हा त्या घरी जायचं. आमच्या दरपत्रकात ‘फेरभेट’ अशी वेगळी ओळ आहे आणि तिच्यावरून घासाघीसही होते. ती ओळ बहुतेक वेळा या एका रकान्यापायी लागते.

सोलापूरच्या पूर्व भागातलं कुठलंही घर घ्या. बाई उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. तुमचा सर्व्हेवाला मुलगा विचारतो, ‘काय काम करता?’ ती हात न थांबवता म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ हा लिहितो, गृहिणी. समोर विडी वळली जातेय, पण फॉर्मवर बाई कामाला नाही! त्याहून वाईट म्हणजे आतून नवरा ओरडून सांगतो आणि तेच लिहिलं जातं. अशी पाच-पन्नास घरं झाली की तुमच्या तक्त्यात सोलापुरातल्या बायका कामच करत नाहीत असं दिसतं. गाईड विचारतात, आणि बोलणी आम्हाला बसतात.

म्हणून सांगणं एवढंच: दारात वर्गवारी करू नका, हकीकत लिहून आणा. कोड लावायचं काम आमचं. हकीकत म्हणजे काय, तर काम काय केलं, कोणासाठी केलं, माल कोणाचा, पैसे कशावर मिळतात, हाताखाली पगारी माणूस आहे का, वर्षात साधारण किती महिने आणि मागच्या सात दिवसांत किती दिवस. घरातलं प्रत्येक माणूस शक्यतो स्वतः बोललेलं बरं.

आता वर्गवारीचं. आम्ही केंद्र सरकारच्या पीएलएफएसचे, म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे कोड वापरतो. हे सर्वेक्षण 2017 पासून चालू आहे आणि तुलनेसाठी सगळे त्याच्याकडेच बघतात. स्वतःचा धंदा, पगारी माणूस नाही: 11. माणसं ठेवून धंदा: 12. घरच्या धंद्यात बिनपगारी हात: 21. नियमित पगार किंवा मजुरी: 31. रोजंदारीवरचा मजूर: 51. काम नाही पण हवंय: 81. शिक्षण: 91. फक्त घरकाम: 92. आणखी आहेत, पण शहरातल्या बहुतेक फॉर्मचं यावर भागतं.

सगळ्यात जास्त वाद विडीवरून होतो. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान, तंबाखू, दोरा आणायचा, घरी विड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या, दर हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. अशा बाईचं पीएफ कापलं जातं, 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा (2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) घरी विड्या वळणारीलाही कामगार मानायचा. म्हणून ग्राहक म्हणतात, 31 टाका. पीएलएफएसची व्याख्या मात्र वेगळी आहे. मालकाच्या जागेबाहेर, स्वतःच्या घरी, नेमून दिलेला माल तयार करून देणारा माणूस तिथे स्वयंरोजगारात धरला जातो. म्हणजे 11. कॉलेजातून येऊन विड्यांना दोरा बांधणारी तिची मुलगी 91, आणि जोडीला दुय्यम काम म्हणून 21.

हे पटत नाही, असं युनियनमधले जुने लोक आम्हाला तोंडावर सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. भाव ती ठरवत नाही, माल तिचा नाही, छाटात, म्हणजे नापास मालात, किती जाईल हेही तिच्या हातात नाही. ही कसली धंदेवाली? 2018 मध्ये कामगार आकडेवारीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अशांसाठी ‘डिपेंडंट काँट्रॅक्टर’, म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला कंत्राटी, हा वेगळा वर्ग मान्य केला, तो याचसाठी. पण तुमचा आकडा पीएलएफएसच्या आकड्याशेजारी ठेवायचा असेल तर पीएलएफएसचाच नियम लावावा लागतो. आम्ही मध्यममार्ग काढलाय. कोड 11 टाकतो आणि शेजारी ‘माल दुसऱ्याचा’ अशी खूण ठेवतो. उद्या तुम्हाला दुसऱ्या पद्धतीने तक्ता हवा असला तर त्याच फाइलमधून निघतो. ‘विडी कामगार’ एवढंच लिहून आणलंत तर दोन्ही निघत नाहीत. बाई घरी वळते की कारखान्यात बसून, हेच कळत नाही.

लूमवाल्याचं, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगाराचं, उलटं असतं. नगावर पैसे मिळतात, आठवड्याला हिशेब होतो, म्हणून लोक त्याला रोजंदारीत टाकतात. पैसे कसे मोजतात याला इथे महत्त्व नाही. एकाच कारखान्यात कायम कामावर असेल, रोज नव्याने काम ठरवायला लागत नसेल, तर नगावर मजुरी असली तरी 31. नाक्यावर उभा राहून रोज वेगळ्या मालकाकडे जाणारा तो 51. दोघंही स्वतःला ‘मजूर’च म्हणवतात. घरी चार लूम टाकून माणसं ठेवणारा 12, आणि तिथेच कांडी भरून (मागासाठी सूत गुंडाळून) देणारी, पगार न घेणारी त्याची बायको 21. तिलाही गृहिणीच लिहून आणतात.

कडक भाकरीसुद्धा आम्हाला विचारावी लागते. घरच्यांसाठी थापल्या तर ते घरकाम. दुकानात द्यायला थापल्या तर धंदा.

काळाचा प्रश्न फॉर्मवर लिहिलेलाच नसतो, आणि निम्मा गोंधळ तिथे होतो. ‘सध्या’ म्हणजे कधी? पीएलएफएसमध्ये दोन मापं आहेत. एक मागच्या 365 दिवसांचं, दुसरं मागच्या सात दिवसांचं. सात दिवसांच्या मापात एका दिवशी एक तास काम केलं तरी तो कामावरचा. वर्षाच्या मापात दुय्यम काम धरायला निदान 30 दिवस लागतात. गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, पंधरवडाभर खेळण्यांचा स्टॉल टाकणारा विद्यार्थी वर्षाच्या हिशेबात नुसता विद्यार्थी. पण त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्या दारी गेलात तर सात दिवसांच्या हिशेबात धंदेवाला. विजेअभावी किंवा आजारपणाने आठवडाभर घरी बसलेला लूम कामगारही बेकार होत नाही. त्याची नोकरी आहे, त्याच्यासाठी निराळा कोड आहे.

वर्षाच्या मापात आणखी एक पेच आहे. पोरगा पाच महिने शिकला, चार महिने काम केलं, तीन महिने काम शोधलं. सगळ्यात जास्त शिक्षण, म्हणून 91? नाही. आधी बघायचं, कामाच्या बाजारात किती? चार आणि तीन, सात महिने, पाचापेक्षा जास्त. म्हणजे तो बाजारात धरायचा. मग आत बघायचं, काम जास्त की शोध? काम. म्हणजे तो कामावरचा. हे दारात उभं राहून कोणाला सुचत नाही आणि सुचावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून महिने लिहून आणा.

‘बेकार’ हा शब्द फॉर्मवर नकोच. घरच्यांना तो शिवीसारखा लागतो आणि पुढची उत्तरं तुटक येतात. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला सरळ विचारा, ‘काम शोधतोयस का? आज मिळालं तर घेशील का?’ दोन्हीला नाही म्हणाला तर तो 81 मध्ये जात नाही, घरच्यांचं मत काहीही असो.

कोणी विचारतं, जनगणनेशी आमचा आकडा का जुळत नाही? जनगणनेत सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य कामगार, त्याखाली सीमांत. मापच वेगळं, तर आकडा कसा जुळणार?

आमचा फॉर्म लांब आहे ही तक्रार खरी आहे. एका रकान्याऐवजी सात रकाने येतात, घरामागे वेळ वाढतो, दरही थोडा जास्त लागतो. पण फेरभेटीचा खर्च त्याहून जास्त येतो, आणि दुसऱ्यांदा गेल्यावर विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) बाई दार उघडते तेच कपाळावर आठी घेऊन. आमच्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या मुली आहेत. तुमची माणसं मराठीत अडत असतील तर तेवढ्या वस्तीपुरतं काम आम्हाला दिलं तरी चालेल, अख्खा सर्व्हे द्यायलाच हवा असं नाही.

फॉर्म छापायला टाकण्याआधी एकदा दाखवून घ्या. तपासायचे पैसे आम्ही घेत नाही. आधीच छापून झाला असेल तरी फाडू नका. सात रकान्यांचा रबरी शिक्का करून ठेवलाय, मागच्या कोऱ्या बाजूवर मारून देतो. शिक्का मारायची मजुरी मात्र लागेल. नगावर.