टेलव्हील विमानाचे उड्डाण

दोन मुख्य चाके पंखांखाली आणि तिसरे लहान चाक शेपटीखाली असलेल्या विमानाला टेलव्हील विमान म्हणतात. जमिनीवर ते नाक आभाळाकडे करून बसते. अशा मोठ्या विमानाला धावपट्टीवर सरळ पळवत नेऊन पुरेशा वेगाने हवेत उचलण्याची रीत हा या नोंदीचा विषय आहे. उदाहरण घेतले आहे ते डग्लस डीसी-३ या दोन इंजिनांच्या विमानाचे. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले आणि भारतात ते ‘डाकोटा’ या नावाने रुजले. मराठी बोलीत खिळखिळ्या गाडीला ‘डकोटा’ म्हणतात. मूळ विमानावर हा अन्यायच आहे.

नागपूरचा या विमानाशी संबंध रात्रीच्या टपालातून आला. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की जो तो उजाडण्याआधी आपापल्या शहराकडे परते. देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा नागपूरला एवढा रोकडा क्वचितच मिळाला असेल. मात्र याचा दुसरा अर्थ असा, की भरलेल्या विमानांची एकामागून एक उड्डाणे इथे अंधारात होत, आणि टेलव्हील विमानाच्या वैमानिकाची परीक्षा जमीन सोडतानाही असते.

अडचणीचे मूळ वजनाच्या जागेत आहे. ओझे मागे सरकले की बैलगाडी उलार होते. टेलव्हील विमान जन्मतःच उलार असते. त्याचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे पळताना नाक जरासे वळले, तर मागचे वजन ते वळण आवरत नाही, उलट वाढवते. वेळीच रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू, जे पायांनी हलवतात) दिला नाही तर शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. लहान विमानात त्याने पंखाचे टोक घासते. ११ टनांच्या डाकोटात चाकाचा पायही मोडू शकतो.

त्यात भर पंख्यांची, म्हणजे इंजिनांवरच्या प्रोपेलरची. डाकोटाचे दोन्ही पंखे वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून पूर्ण शक्ती दिली की नाक डावीकडे ओढ घेते. नाक वर असेपर्यंत पंख्याचे खाली येणारे पाते वर जाणाऱ्यापेक्षा जास्त जोर लावते, हे एक कारण. दुसरे कारण भोवऱ्याचे. फिरता भोवरा एका बाजूला ढकलला की तो ढकललेल्या बाजूला न जाता काटकोनात झुकतो. शेपूट झटक्यात उचलली तर फिरते पंखे नेमके हेच करतात आणि नाक आणखी डावीकडे फेकतात. एका इंजिनाच्या विमानात पंख्याचा झोत थेट रडरवर येतो, म्हणून रडर लवकर जागा होतो. डाकोटाचा रडर दोन इंजिनांच्या मधोमध असल्याने त्याला हा आधार फारसा मिळत नाही. वेग येईपर्यंत तो जवळपास निर्जीवच असतो. ते पहिले काही सेकंद दोन इंजिनांची शक्ती कमी-जास्त करूनच दिशा राखावी लागते. दुसऱ्या महायुद्धातील चार इंजिनांच्या लँकेस्टर बाँबफेकी विमानाचे वैमानिक याच कारणासाठी डावीकडचे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे दांडे) थोडे आधी पुढे सारत.

प्रत्यक्ष कृतीत पहिले काम कुलपाचे. विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर आणून काही मीटर सरळ पुढे घेतात, म्हणजे शेपटीचे चाक सरळ होते, आणि मग ते लॉक करतात. चाक तिरपे असताना लॉक करण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. लॉक बसलेला नसताना पूर्ण शक्ती देणे हा तर अपघाताला दिलेला आवतणच. यानंतर थ्रॉटल सावकाश वाढवत जातात. पूर्ण शक्तीला इंजिन मिनिटाला २,७०० फेरे घेते आणि प्रत्येकी १,२०० अश्वशक्ती मिळते. योक (वैमानिकासमोरचे हाताने ओढण्या-ढकलण्याचे चाक) सुरुवातीला मागे असतो, म्हणजे शेपटीचे चाक जमिनीला धरून राहते. रडर जागा झाल्याचे पायांना कळले की योक हळूहळू सैल सोडतात आणि शेपटीला आपणहून उठू देतात. साधारण ४० ते ५० नॉटच्या दरम्यान ती उठते (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). शेपूट पूर्ण आडवी न करता किंचित खाली ठेवणे बरे, कारण मग योग्य वेग येताच विमान फार न ओढता उठते.

उठण्याचा योग्य वेग म्हणजे सुमारे ८० ते ८५ नॉट. हा आकडा एवढा का, याचे उत्तर दुसऱ्या एका आकड्यात आहे. एक इंजिन बंद पडल्यावर विमान रडरच्या बळावर सरळ ठेवता येईल असा किमान वेग डाकोटासाठी ७६ नॉटच्या आसपास असतो. त्याखाली उडालेले विमान दोन्ही इंजिने ठीक असेपर्यंत शहाण्यासारखे वागते. एक थांबले की चालू इंजिनच त्याला उलटे करू पाहते. शेपूट जमिनीवर ठेवूनच विमान खेचून उचलण्याची लकब लहान टेलव्हील विमानात चालून जाते, मोठ्यात ती टाळावी. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्नेट येथे एक जुने सी-४७ (डाकोटाचेच लष्करी रूप) धावताना डावीकडे वाहवत गेले, कमी वेगातच हवेत उठले, पंख टेकून आपटले आणि जळाले. आतले सर्व १३ जण वाचले, हे नवलच.

वारा आडवा असेल तर एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) वाऱ्याकडे वळवून ठेवतात, वाऱ्याच्या बाजूच्या इंजिनाला थोडी जास्त शक्ती देतात आणि शेपूट नेहमीपेक्षा जरा उशिरा उठू देतात. धाव रद्द करायची झाल्यास आधी थ्रॉटल बंद, मग शेपूट खाली, आणि मगच जोराचा ब्रेक. क्रम चुकला तर विमान नाकावर उभे राहू शकते.

नागपूरची हवा यात स्वतःचे गणित घालते. विमानतळ समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर उंचीवर आहे, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तापून विरळ झालेली हवा इंजिनाला आणि पंखांना सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी भासते. वेगदर्शकावर उठण्याचा आकडा तोच राहतो. तो गाठायला लागणारी धाव लांबते. घाईने खेचण्याचा मोह नेमका इथेच होतो. टपालाच्या विमानांना रात्रीचा गारवा थोडा मदत करी, पण अंधारात समोर क्षितिज नसे. धावपट्टीच्या दोन्ही कडांचे दिवे सारखे मागे सरकत आहेत ना, यावरच दिशा कळे, आणि चाके सुटताच तेही दिसेनासे होत. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासला निघालेले डाकोटा सोनेगावहून उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळले. १३ जण गेले. एकटा वैमानिक वाचला.

पुढे या सेवेत नाकाखाली चाक असलेली स्कायमास्टर विमाने आली. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने वळलेले नाक आपोआप सरळ येते. १९७३ मध्ये सेवाच बंद झाली. आजचे विद्यार्थी वैमानिक बहुधा सेसनासारख्या नाकचाकी विमानांवर शिकतात. त्यांच्यातला एखादा टेलव्हीलवर बसला, की शिक्षक पहिले काही तास त्याच्या हातांकडे पाहत नाही, पायांकडे पाहतो.