५३७ मतांचा हिशेब

सन २००० मधील अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्याच्या अधिकृत निकालानुसार रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना २९,१२,७९० आणि डेमोक्रॅट अल गोर यांना २९,१२,२५३ मते मिळाली. फरक ५३७ मतांचा होता आणि तेवढ्यावर अध्यक्षपद बुश यांच्याकडे गेले. त्याच राज्यात डाव्या विचारांच्या ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मते पडली होती. त्यामुळे ‘नेडर यांनी गोर यांची मते खाल्ली’ हे वाक्य अमेरिकेतील उदारमतवादी आपल्या डावीकडच्या मित्रांना तेव्हापासून आजतागायत ऐकवत आले आहेत. निकालाची यादी आणखी थोडी खाली वाचली, तर सोशलिस्ट पक्षाचे डेव्हिड मॅकरेनॉल्ड्स यांच्या नावापुढे ६२२, सोशलिस्ट वर्कर्स पक्षाचे जेम्स हॅरिस यांच्यापुढे ५६२ आणि वर्कर्स वर्ल्ड पक्षाच्या मोनिका मूरहेड यांच्यापुढे १,८०४ हे आकडे दिसतात. म्हणजे बहुतेक मतदारांनी ज्यांची नावेही ऐकली नसतील, अशा या तीन समाजवादी उमेदवारांपैकी प्रत्येकाची मते त्या फरकापेक्षा जास्त होती.

‘मते खाल्ली’ असे म्हणताना ती मते मुळात गोर यांच्या ताटातली होती, हे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासता येते का? फ्लोरिडात ते बऱ्याच अंशी तपासता आले, कारण तेथे मतदानानंतर मतपत्रिका सार्वजनिक दस्तऐवज मानल्या जातात. मायकेल हेरन आणि जेफ्री लुईस या राज्यशास्त्रज्ञांनी दहा काउंट्यांतील, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांतील, मतपत्रिकांच्या नोंदी घेतल्या. मतदार कोण होता हे त्यातून कळत नाही. मात्र एकाच मतपत्रिकेवर अध्यक्षपदापासून सिनेटपर्यंत आणि पुढे स्थानिक पदांपर्यंत अनेक लढती असल्यामुळे नेडर यांना मत देणाऱ्याने बाकीच्या लढतींत कोणाला पसंती दिली, हे दिसते. त्या पसंतींवरून, नेडर रिंगणात नसते तर हा मतदार कोणाकडे झुकला असता, याचा अंदाज बांधता येतो. निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचा निघाला. नेडर यांच्या मतदारांपैकी किमान ४० टक्के बुश यांच्याकडे झुकणारे होते, त्यामुळे ही सगळी मते गोर यांच्या हक्काची होती हा दावा टिकत नाही. पण उरलेले ६० टक्के गोर यांच्याकडे गेले असते असे धरले, तर २० टक्क्यांची निव्वळ आघाडी म्हणजे सुमारे साडेएकोणीस हजार मते होतात. आणि निम्मे मतदार घरी बसले असते, तरी ५३७ चा फरक कित्येक पटींनी भरून निघाला असता. नेडर यांच्यामुळे निकाल फिरला हे खरे, पण लढत इतकी अटीतटीची होती की तेथे कोणत्याही लहानसहान कारणाने निकाल फिरला असता.

आवडत्या उमेदवाराला मत द्यावे की नावडता टाळावा, या पेचाचे मूळ मोजणीच्या नियमात आहे. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, हा तो नियम. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हेर्जे यांनी १९५१ साली त्याचे दोन परिणाम मांडले. पहिला यांत्रिक, म्हणजे विखुरलेल्या मतांना प्रतिनिधित्वच मिळत नाही. दुसरा मानसिक, म्हणजे मत वाया जाईल या भीतीने मतदार आपल्या आवडीच्या उमेदवाराला आधीच सोडून देतो. १९१२ साली रिपब्लिकन मते टाफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात फुटली, तेव्हा डेमोक्रॅट विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर मोठ्या दिमाखात अध्यक्ष झाले. त्याच वर्षी समाजवादी युजीन डेब्ज यांना सुमारे सहा टक्के, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास मते पडली. आठ वर्षांनंतर ते अटलांटाच्या तुरुंगात कैदी असताना पुन्हा उभे राहिले, तेव्हाही नऊ लाखांहून अधिक मतदारांनी त्यांना मत दिले. निवडून येण्याची शक्यता शून्य असलेल्या कैद्याला मत देणाऱ्या या माणसांना हिशेब कळत नव्हता असे मला वाटत नाही. त्यांचा हिशेब वेगळा होता, इतकेच.

हा हिशेब राज्यागणिक बदलतो, कारण मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते, म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी त्या राज्याच्या वाट्याला आलेली ठरावीक मते, मिळतात. अँड्र्यू गेलमन, नेट सिल्व्हर आणि एरन एडलिन यांनी २००८ च्या निवडणुकीसाठी काढलेल्या अंदाजानुसार, एका मताने देशाचा निकाल ठरण्याची शक्यता सरासरी सहा कोटींत एक होती. न्यू मेक्सिको, व्हर्जिनिया यांसारख्या चुरशीच्या राज्यांत ती एक कोटीत एक होती आणि ज्या राज्यांचा कल आधीच स्पष्ट होता, तेथे ती नगण्य होती. म्हणून २००० साली काहींनी इंटरनेटवर मतांची अदलाबदल सुरू केली. चुरशीच्या राज्यातील नेडर समर्थकाने गोर यांना मत द्यायचे आणि त्याच्या मोबदल्यात सुरक्षित राज्यातील गोर समर्थकाने नेडर यांना, असा हा सौदा होता. नेडर यांना देशभरात पाच टक्के मते मिळाली असती, तर त्यांच्या पक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळणार होता. प्रत्यक्षात त्यांची मजल २.७ टक्क्यांपर्यंतच गेली.

या पेचातून सुटण्याची सर्वांत चतुर युक्ती न्यूयॉर्कच्या शिवणकाम कामगारांच्या संघटनांनी काढली, असे मला वाटते. तेथील स्थलांतरित कामगार समाजवादी विचारांचे होते. त्यांना फ्रँकलिन रूझवेल्ट हवे होते, पण भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्थानिक डेमोक्रॅटिक यंत्रणेला मत द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार एकाच उमेदवाराला अनेक पक्ष उमेदवारी देऊ शकतात आणि त्याचे नाव प्रत्येक पक्षाच्या रकान्यात स्वतंत्रपणे छापले जाते. म्हणून १९३६ मध्ये अमेरिकन लेबर पक्ष उभा राहिला आणि रूझवेल्ट यांचे नाव त्याही रकान्यात आले. मते वेगवेगळी मोजायची, पण बेरीज एकत्र करायची. पुढे कम्युनिस्टांच्या प्रभावावरून भांडण झाले आणि १९४४ मध्ये त्यातून लिबरल पक्ष वेगळा झाला, तरीही दोघांचा उमेदवार एकच राहिला. त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात रूझवेल्ट यांना डेमोक्रॅटिक रकान्यात मिळालेली मते रिपब्लिकन ड्यूई यांच्या मतांपेक्षा सुमारे पाच लाखांनी कमी होती. लेबर रकान्यातील जवळपास पाच लाख आणि लिबरल रकान्यातील सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी ते राज्य त्यांच्या पदरात टाकले. समाजवादी आणि उदारमतवादी एकमेकांशी भांडूनही एकाच माणसाला निवडून देऊ शकले आणि आपण नेमके किती जण आहोत, हेही त्यांनी आकड्यांत दाखवून दिले. बहुतेक राज्यांत मात्र अशा संयुक्त उमेदवारीला बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती बंदी वैध ठरवली.

दुसरा उपाय मराठी वाचकाला परका नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात ज्यांनी जांभळ्या शाईच्या पेनने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहिले आहेत, त्यांनी तो वापरलेला आहे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर मागे पडलेल्या उमेदवारांना बाद करून त्यांच्या मतदारांच्या पुढच्या पसंती मोजायच्या, असा तो आहे. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत. तिसऱ्या क्रमांकावरील चिंतामणराव देशमुखांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंती बहुतांशी संजीव रेड्डी यांच्याकडे वळल्या, तरी अखेर व्ही. व्ही. गिरी थोडक्यात विजयी झाले. अमेरिकेतील मेन राज्यात २०१८ पासून काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकाही याच तत्त्वावर होतात. त्या वर्षी दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पहिल्या पसंतीत पुढे होते, पण दोन अपक्षांना बाद करून त्यांच्या मतदारांच्या पुढच्या पसंती मोजल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन जिंकले. तेथे अपक्षाला मत देणाऱ्याचे मत वाया गेले नाही.

मग पेच मिटला का? गणित तसे म्हणू देत नाही. तीन किंवा अधिक उमेदवार असतील, तर प्रत्येक मतदाराने नेहमी आपली खरी पसंती लिहिणेच त्याच्या फायद्याचे ठरेल अशी एकही पद्धत, एकाच माणसाच्या पसंतीने निकाल ठरवणारी हुकूमशाही वगळता, अस्तित्वात असू शकत नाही, असे ॲलन गिबर्ड यांनी १९७३ मध्ये आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९७५ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले. व्हरमाँटमधील बर्लिंग्टन शहराने ते प्रत्यक्ष अनुभवले. हे तेच शहर, जेथे १९८१ मध्ये समाजवादी बर्नी सँडर्स दहा मतांनी महापौर झाले होते. २००९ च्या महापौर निवडणुकीत पहिल्या पसंतीत रिपब्लिकन कर्ट राइट पुढे होते, त्यांच्यामागे प्रोग्रेसिव्ह पक्षाचे बॉब किस आणि तिसऱ्या स्थानी डेमोक्रॅट अँडी माँट्रोल. माँट्रोल बाद झाले आणि अखेरच्या फेरीत किस यांनी राइट यांना ४,३१३ विरुद्ध ४,०६१ मतांनी हरवले. नंतर मतपत्रिका तपासल्यावर आढळले की समोरासमोर लढत झाली असती, तर माँट्रोल यांनी राइट आणि किस या दोघांनाही हरवले असते. राइट यांच्या समर्थकांपैकी पुरेशांनी आपला आवडता उमेदवार सोडून माँट्रोल यांना पहिली पसंती दिली असती, तर त्यांना सर्वांत नावडता महापौर टळला असता. एरवी डाव्यांच्या वाट्याला येणारा पेच या वेळी रिपब्लिकन मतदारांच्या दारात येऊन बसला होता. २०१० मध्ये बर्लिंग्टनने ही पद्धत मतदानाने रद्द केली आणि २०२१ मध्ये नगर परिषदेच्या निवडणुकांसाठी पुन्हा मतदानानेच ती परत आणली.