मोऱ्याची बोट ओहोटीला का थांबते?

नेरूळ-उरण लोकलमध्ये अजून ऐकू येतं: "मोरा-भाऊचा धक्का बोट? बोटवाले आळशी, वाटेल तेव्हा बंद ठेवतात." हे खरं नाही. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला बोट जाते आणि या बंदरात गाळ साचलेला आहे. ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की बोट धक्क्याला लागूच शकत नाही. लावली तर तळ चिखलात रुततो.

भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून बंद राहण्याची वेळही रोज सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर ओहोटीही जास्त खोल असते. घड्याळ चंद्राचं आहे हो, तांडेलाचं (बोट चालवणाऱ्याचं) नाही!

गाळ एकदा उपसून भागत नाही. भरतीचं पाणी तो परत आणून टाकतं, म्हणून उपसा पुन्हापुन्हा करावा लागतो. तो लांबला की बोट अडते आणि बोल मात्र खलाशांना लागतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही खुला झाला. प्रवाशांना पर्याय मिळाले. तरी दक्षिण मुंबईत थेट उतरवणारी ही बोट टिकायला हवी. निघण्याआधी भरतीची वेळ पाहा.