आयडी फॅनची थरथर

लातूर, धाराशिव, परभणीकडे गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची मशिनरी रात्रंदिवस चालते. अशात बॉयलरचा आयडी फॅन, म्हणजे भट्टीतला धूर ओढून बाहेर काढणारा पंखा, बंद पडला तर वाफ थांबते, गाळप थांबतं आणि गव्हाणीसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं. म्हणून फॅन बिघडतोय हे आधी कळायला हवं, आणि ते कळू शकतं.

जुने फिटर बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात. कंपन-सेन्सरमध्ये कानाच्या जागी स्फटिक असतो. दाब पडला की त्यात वीज निर्माण होते. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. त्या विजेवरून संगणक सांगतो, सेकंदाला किती वेळा होणारी थरथर किती जोराची आहे.

समजा, फॅन मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. सेकंदाला २५ वेळा होणारी थरथरच वाढली, तर बहुधा पात्यांचा तोल गेलाय. बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख पाती झिजवते, कधी त्यांवर साचते. ५० वर वाढली, तर मोटर आणि फॅनचे शाफ्ट एका रेषेत नसावेत. आता बेअरिंग. त्यातले गोळे शाफ्टइतक्या वेगाने पुढे सरकत नाहीत. शाफ्टचा एक फेरा होतो तेव्हा त्यांचा साधारण ०.४ फेरा होतो. गोळे आठ असतील आणि बाहेरच्या कड्याला बारीक खड्डा पडला असेल, तर त्यावरून सेकंदाला ८ × ०.४ × २५ = ८० वेळा गोळा जातो, आणि प्रत्येक वेळी ठोका बसतो. आतलं कडं शाफ्टबरोबर फिरतं, गोळ्यांच्या ०.६ फेरा पुढे जातं; म्हणून खड्डा त्याला असेल तर ठोके साधारण १२० होतात. कुठलं कडं फुटतंय, हे बेअरिंग न उघडता कळतं!

सुरुवातीला हे ठोके इतके क्षीण असतात की एकूण थरथर जवळपास तेवढीच राहते. म्हणून नुसता एक आकडा पाहून भागत नाही. माझ्या मते महागड्या यंत्रणेआधी हंगामाच्या पहिल्या आठवड्यातली, सगळं ठीक असतानाची नोंद हवी. पुढची प्रत्येक नोंद तिच्याशी ताडता येते.

डिझेल जनरेटरलाही हेच लागू. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० फेऱ्यांवर सेकंदाला ५० वेळा पेटतं, एकेक सिलिंडर १२.५ वेळा. एकच सिलिंडर नीट पेटत नसेल तर १२.५ वर थरथर वाढते.

उसाच्या मिलचे रोलर मात्र मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात. इतक्या संथ गतीत साधा कंपन-सेन्सर फारसं सांगत नाही. तिथे बेअरिंगचं तापमान आणि वंगणच तपासत राहावं लागतं.