उंदराला शांतता ऐकू येते का?

कानात रातकिडे किरकिरतात, रात्री उशीला डोकं टेकलं की जास्तच, अशी तक्रार घेऊन माणूस कानाच्या डॉक्टरांकडे जातो. बाहेर आवाज नसतोच. हा कर्णनाद, म्हणजे टिनिटस, बहुतेक वेळा ज्याचा त्यालाच ऐकू येतो, त्यामुळे डॉक्टरांना रुग्णाच्या शब्दावरच विसंबावं लागतं. आता यावर औषध शोधायचं म्हणून उंदरांवर प्रयोग करायचा, तर पंचाईत अशी की उंदीर तक्रारच करत नाही.

१९८८ साली पावेल यास्त्रेबॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर नामी युक्ती काढली. उंदराला आवाज ऐकू येतो का, हे विचारायचंच नाही. शांतता ऐकू येते का, ते विचारायचं. तहानलेले उंदीर नळीतून पाणी चाटत असत. पिंजऱ्यात सतत खरखर चालू. मध्येच ती बंद व्हायची आणि त्या शांततेच्या शेवटी पायाला विजेचा हलका झटका बसायचा. उंदीर लवकरच शहाणे झाले: खरखर थांबली की चाटणं बंद. मग झटके कायमचे थांबवून काही उंदरांना सॅलिसिलेट दिलं. हे ॲस्पिरिनच्याच घराण्यातलं. मोठ्या मात्रेत घेतलं तर माणसाच्याही कानात आवाज सुरू होतो. खरखर बंद झाली तरी हे उंदीर इतरांपेक्षा निवांत पाणी पीत राहिले. त्यांच्यासाठी शांतता झालीच नव्हती!

यावर शंका येणारच: औषधानं उंदीर सुस्तावले असतील, किंवा शिकलेलं विसरले असतील. म्हणून दुसऱ्या गटाला शिकवणीच्या आधीपासूनच औषध दिलं. त्यांच्या लेखी खरखर थांबल्यावर उरणारा कानातला नाद हीच धोक्याची खूण ठरली, आणि ते औषध न घेतलेल्यांपेक्षाही जास्त बिचकले. औषध तेच, परिणाम उलटा. मला या सगळ्या विषयात हीच चाल सर्वांत देखणी वाटते.

पण अशी शिकवणी वेळखाऊ. २००६ मध्ये जेरेमी टर्नर आणि सहकाऱ्यांनी सोपा मार्ग सुचवला: दचकणं. अचानक फटाक्यासारखा आवाज झाला की उंदीर दचकतो, ते शिकवावं लागत नाही. त्याला छोट्या नळकांड्यात बसवतात. खालची पट्टी दचक किती जोराची ते नोंदवते. मागे मंद आवाज चालू असताना, मोठ्या आवाजाच्या क्षणभर आधी त्यात सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा खंड पाडला, तर निरोगी उंदीर कमी दचकतो. खंडानं त्याला जणू सावध केलेलं असतं. कानात नाद असेल तर तो खंड भरून निघेल आणि उंदीर पूर्ण दचकेल, असा तर्क. चाचणी झटपट होत असल्यानं ती प्रयोगशाळांमध्ये भराभर पसरली.

इथे एक गोची आहे. प्रयोगासाठी कर्णनाद निर्माण करायचा तर उंदराला बरेचदा प्रचंड गोंगाट ऐकवतात, आणि त्यानं ऐकूच कमी येऊ लागलं तर दचकणंही बदलतं. म्हणून कान वेगळा तपासावा लागतो. त्यासाठीची चाचणी आपल्याकडे तान्ह्या बाळांच्या आईबापांना ‘बेरा’ या नावानं ठाऊक असते. उंदराला भूल देऊन ऊबदार गादीवर झोपवतात (अंग गार पडलं तर मेंदूच्या विद्युत लहरी उशिरा येतात), टाळूवर आणि कानामागे कातडीखाली बारीक सुया बसवतात आणि टक्-टक् आवाज शेकडो वेळा ऐकवतात. एका टक्-ला मेंदूचं उत्तर इतकं क्षीण असतं की ते इतर विद्युत खळबळीत बुडून जातं. शेकडो उत्तरांची सरासरी काढली की पहिल्या दहा मिलिसेकंदांतले उंचवटे उमटतात. मग आवाज पायरीपायरीनं कमी करत, उंचवटे कुठे पुसले जातात ते पाहायचं.

हे ‘नॉर्मल’ आलं म्हणजे कान शाबूत, असंही नाही. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये पिटुकल्या उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. काही आठवड्यांत ऐकण्याची किमान पातळी पूर्ववत झाली, पण उंच पट्टीच्या भागात केशपेशी (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि श्रवणतंतू यांच्यातले सुमारे निम्मे जोड कायमचे गेले होते. सुगावा लागला तो पहिल्या उंचवट्याच्या खुजेपणावरून.

दचकण्याच्या चाचणीलाही पुढे माणसांनीच अडचणीत आणलं. कॅनडात फिलिप फूर्निए आणि सिल्वी एबेर यांनी २०१३ मध्ये उंच पट्टीचा कर्णनाद असलेल्यांची पापणी दचकून किती मिटते ते मोजलं. खंडाचा परिणाम त्यांच्यात खरोखर कमी होता. पण तो खालच्या पट्टीच्या आवाजातल्या खंडालाही कमी होता, आणि तो खंड भरून काढणारा नाद त्यांच्या कानात नव्हता.