कपलर, मोटारगाडीतील : बदल व दुरुस्ती

मोटारगाडीच्या वायरिंगमधील हाताने सोडवता-लावता येणारा प्लॅस्टिकचा जोड म्हणजे कपलर. कारागीर त्यालाच सॉकेट किंवा नुसता 'जोड' म्हणतात. आतल्या धातूच्या पिना वीज वाहतात, बाहेरचे कवच त्यांना जागेवर धरते आणि खटका जोड सुटू देत नाही. जादा दिवे, भोंगा, म्युझिक सिस्टीम किंवा सीएनजी किट बसवताना, तसेच जळालेला जोड बदलताना कपलरमध्ये फेरफार करावे लागतात.

सर्वांत जास्त छेडला जाणारा जोड हेडलाईटचा. एच-४ बल्बचा मूळ अप्पर ६० वॅटचा आणि डिपर ५५ वॅटचा असतो. उजेड वाढावा म्हणून अनेक जण १००/९० वॅटचा बल्ब घालतात आणि होल्डर, म्हणजे बल्बमागचा जोड, तोच ठेवतात. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर लागतात, १०० वॅटला सुमारे ८.३. वीज दुपटीनेही वाढली नाही, मग बिघडले काय, असे वाटते. पण जोडातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सैल पिनेचा रोध ०.१ ओहम धरला, तर आधी अडीच वॅट उष्णता होती, ती आता जवळपास सात वॅट होते, तीही नखाएवढ्या जागेत. होल्डर आधी पिवळट पडतो, मग वितळतो. यावर सिरॅमिक होल्डर आणि रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) हा नेहमीचा उपाय आहे. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरीची लाईन, ८७ वरून दिव्याला पुरवठा आणि ८५-८६ ला मूळ कपलरमधून येणारा इशारा. हे क्रमांक डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातले. नुसता सिरॅमिक होल्डर लावून रिले टाळला, तर होल्डर वाचतो आणि उष्णता मागच्या बारीक तारेत जाते. हा अर्धा उपाय फार ठिकाणी दिसतो.

पुण्यात गाडीचे सुटे भाग म्हटले की नाना पेठ आणि सोल्डर, हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून जोड झाकणारी), मल्टीमीटर हवा तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, हे ठरलेले. नवी पिन तारेवर दाबून बसवण्याला क्रिंपिंग म्हणतात. पिनेला पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात : पुढची उघड्या तांब्याला पकडते, मागची वरच्या आवरणाला. साध्या पकडीने दाबलेली पिन पहिल्या दिवशी घट्टच वाटते, पुढे सैल होते; म्हणून काही जण ती सोल्डर करतात. सोल्डर मात्र तांब्याच्या धाग्यांत भिनून तार ताठ करते आणि गाडीच्या थरथरीने ती नेमकी तिथे, ताठ भाग संपतो त्या जागी तुटते. म्हणून सोल्डर करणाऱ्याने जोडाशेजारी तारेला आधार द्यावा.

पावसाळ्यात वेगळीच तक्रार येते. इंजिनाच्या कप्प्यातील कपलरना तारेगणिक रबरी सील असते. टेस्ट लॅम्पचे (वीज येते का ते पाहण्याच्या टोकदार दिव्याचे) टोक सीलमधून खुपसले, की तिथून पाणी शिरते आणि काही महिन्यांत पिनेवर हिरवट कळंक चढतो. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरिंग कुरतडतात, त्यामुळे दुरुस्तीची बरीच कामे हौसेची नसतात, नाइलाजाची असतात.

मूळ हार्नेस, म्हणजे गाडीच्या तारांचा जुडगा, न कापता मध्ये तयार जोडतार घालणे सर्वांत बरे. ती काढली की गाडी पूर्ववत होते. वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था (जिच्यामुळे टेकडीच्या त्या भागाला पुणेकर 'एआरएआय टेकडी' म्हणतात) वाहने आणि त्यांचे भाग तपासते, पण ती तपासणी मूळ रचनेची असते. नंतर गल्लीत मारलेला टेपचा जोड तिच्यात येत नाही. फ्यूजबाबतही गैरसमज आहे : तो दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतो म्हणून २० चा पिवळा घातला, तर पुढच्या वेळी आधी तारच तापते.

एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळे असतात. जोड सुटताच आतली धातूची पट्टी दोन्ही पिना एकमेकींना जोडते, म्हणजे भटक्या विजेने एअरबॅग उघडत नाही. या पिनांना टेस्ट लॅम्प लावत नाहीत. बॅटरीची ऋण तार काढल्यावरही एअरबॅगच्या यंत्रणेतील कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, काही काळ भारित राहतो, त्यामुळे त्या कपलरला हात लावण्याआधी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबावे लागते.